बावीस मशीनं, बावीस तऱ्हा : लॅबमधलं विंडोज अपडेट एकसारखं होत नसेल तर

लक्षणं

एकाच दिवशी घेतलेल्या मशीनांपैकी काहींवर या महिन्याचं अपडेट बसलंय, काहींवर ‘यू आर अप टु डेट’ असं लिहून येतं पण आतला आकडा जुनाच. एखादं मशीन दर वेळी तेच अपडेट उतरवतं, रिस्टार्टला ‘अनडूइंग चेंजेस’ म्हणतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू. एखाद्यावर अपडेट नीट बसतं, हिस्टरीत नोंदही दिसते, पण सकाळी चालू केलं की अपडेटही नाही आणि नोंदही नाही. कुठे डाउनलोड शून्य टक्क्यावरून हलत नाही. कुठे सेटिंगमधली बटणंच करडी पडलेली, दाबली तरी दबत नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सराव परीक्षा चालू असताना दोन मशीनं आपणहून रिस्टार्ट होतात आणि पोरं आपल्या तोंडाकडं बघत बसतात.

यातली दोन-तीन लक्षणं तुमच्याकडे एकदम दिसत असतील तर पुढचं वाचा.

मी लातूरला असतो. ट्यूशनच्या टेस्ट लॅब, शाळांच्या संगणक खोल्या, मोंढ्यातल्या आडती, तहसीलजवळची ऑनलाइन फॉर्म भरायची दुकानं, अशा ठिकाणची साठेक मशीनं माझ्याकडे बघायला असतात. ही तक्रार इतक्या वेळा सोडवलीय की फोनवर ‘सर, ते बारा नंबरचं परत तसंच करायलंय’ एवढं ऐकलं तरी निम्मा अंदाज येतो. अपडेट सहसा बिघडलेलं नसतं. आपण ज्यांना एकसारखी समजतो ती मशीनं एकसारखी नसतात. कुणाची तारीख मागे, कुणाची डिस्क गच्च, कुणाच्या पोटात जुन्या मालकाचे नियम. म्हणून बिघडलेल्या मशीनशी एकट्याशी झटापट करायची नाही, त्याच्या शेजारच्या चांगल्या मशीनशी त्याला ताडून बघायचं.

आधी वही

खर्च शून्य, वेळ अर्धा तास. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबायचं, ‘विनव्हर’ टाइप करून एंटर. जी छोटी खिडकी येते तिच्यात दोन गोष्टी असतात, आवृत्ती आणि बिल्ड. दोन्ही वहीत उतरवा. त्याच ओळीत सी ड्राइव्हला किती जागा मोकळी आहे, घड्याळ-तारीख बरोबर आहे का, अपडेट हिस्टरीतली शेवटची तारीख कोणती आणि काही एरर कोड आहे का, हे लिहा. कोडच्या सुरुवातीचा ‘झिरो एक्स’ मी लिहीत नाही, पुढचं तेवढं लिहितो. या पोस्टमध्येही तसंच केलंय.

औसा रोडवरच्या एका लॅबचं माझ्या वहीतलं पान असं आहे. बावीसपैकी तेरा मशीनं ठणठणीत. चार मशीनांवर कोडच नाही, नुसतं ‘पेंडिंग रिस्टार्ट’. दोनांवर ८००७००७०. एकावर ८००७२एफ८एफ. उरलेल्या दोनांवर करडी बटणं. मालकाची खात्री होती की नऊ मशीनांत व्हायरस शिरलाय, आणि कुणीतरी त्यांना नऊही मशीनं फॉरमॅट करायचा भाव देऊन ठेवला होता. निघाली चार वेगळी कारणं, त्यात व्हायरस एकही नाही. चारही कारणं खाली येतीलच.

हा बिघाड आहे तरी का?

विंडोजची दर महिन्याची सुरक्षा अपडेट दुसऱ्या मंगळवारी सुटतात, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी दहाला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात, त्यांच्या घड्याळाच्या उन्हाळी-हिवाळी बदलानुसार. म्हणजे आपल्यासाठी ते बुधवारचं अपडेट. बुधवारी सकाळी काही मशीनांनी ते उचललेलं असतं, काहींनी नसतं. चार दिवस थांबा. रविवारीही फरक राहिला तर मग तपास.

आता बिल्डचा आकडा. विंडोज ११ ची २३एच२ असेल तर २२६३१, २४एच२ असेल तर २६१००, २५एच२ असेल तर २६२००. विंडोज १० ची शेवटची २२एच२ म्हणजे १९०४५. बिंदूच्या आधीचा हा आकडा वर्षाची आवृत्ती सांगतो, बिंदूनंतरचा महिन्याचं अपडेट. पुष्कळ जण आधीचा आकडा वेगळा बघून घाबरतात. वर्षाची आवृत्ती सगळ्यांना एका दिवशी मिळत नाही, टप्प्याटप्प्याने सोडली जाते. एखाद्या ड्रायव्हरशी तिचं जमत नाही असं आढळलं तर त्या जातीच्या मशीनांसाठी मायक्रोसॉफ्ट ती मुद्दाम अडवूनही धरते. ती अडवणूक युक्त्या करून फोडू नका, कारणाशिवाय नसते. तुम्ही ताडायचा तो बिंदूनंतरचा आकडा. २४एच२ आणि २५एच२ एकाच पायावर उभ्या असल्याने त्यांचा बिंदूनंतरचा आकडा त्या-त्या महिन्यात सारखाच असतो. तो जुळला की ती दोन्ही मशीनं सुरक्षेच्या दृष्टीने एकाच जागी आहेत.

महिन्याच्या शेवटी एक ऐच्छिक प्रिव्ह्यू अपडेटही येतं. कुणी उत्साही पोरगं ‘गेट द लेटेस्ट अपडेट्स ॲज सून ॲज दे आर अव्हेलेबल’ हे बटण चालू करून ठेवतं आणि त्याचं मशीन बाकीच्यांच्या पुढे पळतं. लॅबमध्ये हे बटण सगळीकडे बंद ठेवा.

खराखुरा रिस्टार्ट

त्या चार ‘पेंडिंग रिस्टार्ट’ मशीनांवर मी टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलो. ‘अप टाइम’ तेवीस दिवस! लॅबचा मुलगा शपथेवर सांगत होता की रोज रात्री शटडाउन करतो. तो खरंच बोलत होता. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असलं की शटडाउन पूर्ण होत नाही, गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो. काही अपडेटना पूर्ण उठाबस लागते, ती फक्त ‘रिस्टार्ट’ने होते. चारही मशीनं रिस्टार्ट केली, दोन वेळा. चहा येईपर्यंत तीन सुधारली, चौथं चहानंतर.

कायमचा उपाय हवा असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअपची खूण काढा. एसएसडी असेल तर चालू व्हायला लागणारा वेळ फारसा वाढत नाही. आणि दर शनिवारी लॅब बंद करताना शटडाउनऐवजी आधी रिस्टार्ट, मग शटडाउन.

तारीख

८००७२एफ८एफ दिसला की आधी टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात बघायचं. विंडोज अपडेटचं सर्व्हरशी बोलणं सुरक्षित प्रमाणपत्रावर चालतं, आणि मशीनची तारीख चुकली की ते प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं. बारा नंबरचं प्रकरण हेच होतं. सकाळी त्याची तारीख काही वर्षं मागे गेलेली, मुलगा हाताने दुरुस्त करायचा, दुपारी अपडेट चालायचं, दुसऱ्या दिवशी परत तेच. ‘कधी होतंय, कधी होईना’ ही तक्रार ऐकली की मला मदरबोर्डवरचं ते रुपयाच्या नाण्याएवढं बटण आठवतं. रात्री बोर्ड बंद केला की घड्याळ त्या बॅटरीवर चालतं. ती संपली की घड्याळ मागे जातं. सीआर २०३२ म्हणून मागा, घड्याळाच्या दुकानातही मिळते, दोन चहा आणि पोह्याच्या पैशात काम होतं. मशीनची वायर काढा, एकदा कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, बॅटरी बदला, तारीख लावा. लॅपटॉपमध्ये मात्र ती आत खोल असते, तिथे हात घालू नका.

आणि टाइम झोन एकदा बघा. घड्याळ बरोबर दिसतं पण झोन भलत्याच देशाचा, असंही सापडलंय.

पॉज, मीटर्ड आणि कामाचे तास

अपडेट पेजवर ‘रिझ्युम अपडेट्स’ असं बटण दिसत असेल तर कुणीतरी पॉज केलंय. फॉर्म भरायच्या दुकानांत हे नेहमीच असतं. एकदा कधी अपडेटनंतर अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर रुसलेला असतो, बाहेर रांग लागलेली असते, दुकानदार वैतागून पाच आठवड्यांचा पॉज लावतो. त्याची चूक म्हणवत नाही. पण पाच मशीनांपैकी दोनांवर लावला आणि विसरला, की झाली तक्रार.

ज्यांचं नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं त्यांनी वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ बघावं. डेटा वाचवायला कुणीतरी ते चालू केलेलं असतं, आणि मग विंडोज बहुतेक अपडेट आपणहून उतरवतच नाही. हे सेटिंग त्या-त्या नेटवर्कपुरतं असतं. म्हणून तेच मशीन घरच्या ब्रॉडबँडवर अपडेट होतं आणि दुकानात होत नाही.

परीक्षेत रिस्टार्ट होण्याचा इलाज म्हणजे ‘ॲक्टिव्ह अवर्स’. जास्तीत जास्त अठरा तास देता येतात. सकाळी सहा ते रात्री बारा लावून टाका. सीईटीच्या हंगामात लॅब पहाटेपासून रात्रीपर्यंत चालते, त्याला एवढं पुरतं.

जागा

८००७००७० म्हणजे डिस्क भरली. बाकी काही अर्थ नाही. माझा ठोकताळा असा की महिन्याच्या अपडेटला दहा जीबी आणि वर्षाच्या आवृत्तीला वीस-पंचवीस जीबी मोकळी हवी. १२० जीबीची एसएसडी, तीवर लेक्चरचे व्हिडिओ, व्हॉट्सॲपचे डाउनलोड आणि रिसायकल बिनमध्ये पडलेला गतवर्षीचा प्रश्नसंच. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स. तिथे ‘डाउनलोड्स’वर आधीच खूण नाही ना, हे दोनदा बघा. एका सरांची तिथली पूर्ण वर्षाची उत्तरपत्रिका माझ्या डोळ्यादेखत जाता जाता वाचली.

विंडोजच्या फोल्डरातलं ‘विनएसएक्सएस’ मोठं दिसतं म्हणून हाताने पुसू नका. दिसतं तेवढं ते खरं मोठं नसतं, आणि पुसलं की त्या मशीनला पुढे एकही अपडेट बसत नाही.

लाईट आणि भुसकट

‘अनडूइंग चेंजेस’चं आपल्याकडचं मोठं कारण सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. अपडेट पस्तीस टक्क्यांवर असताना लाईट जाते, यूपीएसची बॅटरी मेलेली असते, मशीन धाडकन बंद. परत आल्यावर विंडोज अर्धवट काम उलटवून ठेवतं. हे चांगलंच आहे, नाही तर मशीन उठलंच नसतं. पण महिन्यातून चारदा झालं तर त्या मशीनच्या फाइली खराब व्हायला लागतात. यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून बघा, मशीन दहा मिनिटं तगलं पाहिजे. दोन मिनिटांत मान टाकली तर यूपीएसची बॅटरी आधी, अपडेट नंतर.

दुसरी गोष्ट मोंढ्यातली. सोयाबीनच्या हंगामात एका आडतीतलं मशीन दर अपडेटला मध्येच बंद पडायचं, एरवी दिवसभर हिशेबाच्या पट्ट्या काढायला ठीक. लाईट व्यवस्थित, यूपीएस नवा. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली सोयाबीनचं भुसकट गादीसारखं बसलेलं, बोटाने उचललं तर चौकोनी वडीच निघाली. पट्टी काढायला प्रोसेसर झोपेतही काम करतो. अपडेट बसताना तो वीस-पंचवीस मिनिटं सलग राबतो, तापतो आणि जीव वाचवायला बंद होतो. ब्लोअर मारला, प्रोसेसरवरची पेस्ट नवी लावली, त्याच संध्याकाळी अपडेट बसलं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, वाऱ्यावर भन्नाट फिरू द्यायचं नाही.

सकाळी गायब होणारं अपडेट

शाळांच्या लॅबमध्ये रिस्टार्ट केल्यावर सगळं पूर्ववत करणारं फ्रीझ सॉफ्टवेअर टाकलेलं असतं. पोरांनी काहीही केलं तरी दुसऱ्या दिवशी मशीन स्वच्छ. तेच सॉफ्टवेअर अपडेटही पोरांचा उद्योग समजून पुसून टाकतं. ट्रेमध्ये, घड्याळाजवळ, त्याचं चिन्ह शोधा. लॅब कुणी उभी केली त्याच्याकडून पासवर्ड घ्या, मशीन ‘थॉ’ करा, म्हणजे मोकळं सोडा, सगळी अपडेट पूर्ण होऊन ‘चेक फॉर अपडेट्स’ला काही उरलं नाही असं दिसेपर्यंत रिस्टार्ट करत राहा, आणि मगच परत फ्रीझ. अर्धवट अवस्थेत फ्रीझ केलं तर मशीन रोज सकाळी तेच अर्धवट अपडेट पुरं करायला बसेल. असं रोज सकाळी वीस मिनिटं खाणारं मशीन मी पाहिलंय, आणि ते तसं मीच करून ठेवलं होतं.

करडी बटणं

आता त्या उरलेल्या दोन मशीनांचं. आपल्याकडे जुनी मशीनं पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून निघालेली येतात. माल चांगला असतो, माझा त्यावर राग नाही. पण विकणाऱ्याने विंडोज नव्याने टाकलं नसेल तर जुन्या कंपनीचे नियम आत तसेच असतात. त्या मशीनला सांगून ठेवलेलं असतं की अपडेट मायक्रोसॉफ्टकडून न घेता कंपनीच्या आतल्या सर्व्हरकडून घ्यायचं. तो सर्व्हर लातुरात कुठून सापडणार? मशीन बिचारं त्याचं नाव शोधत राहतं आणि ८०२४४०२सी देतं, नाही तर ‘सगळं ठीक आहे’ म्हणून गप्प बसतं.

विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘कॉन्फिगर्ड अपडेट पॉलिसीज’ उघडा. चांगल्या मशीनवर ती यादी रिकामी असते. इथे यादी भरलेली असेल आणि मशीन आता तुमचंच असेल, तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजची आतली सेटिंगं जिथे साठवलेली असतात तिथे, लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोजअपडेट या फांदीपर्यंत जा. आधी ती एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवा, मग पुसा, मग रिस्टार्ट. रजिस्ट्री पहिल्यांदाच उघडत असाल तर हे काम तुमचं नाही. आणि रिस्टार्टनंतर नियम परत उगवले तर मशीन अजून जुन्या कंपनीच्या व्यवस्थापनाला बांधलेलं आहे. तिथे झगडू नका, विकणाऱ्याला परत द्या.

याच घरातला दुसरा प्रकार म्हणजे ‘हलकं केलेलं’ विंडोज आणि अपडेट बंद करणारी छोटी प्रोग्रामं. मशीन पळतं म्हणून लोक खूश असतात. त्यात अपडेटचे भागच कापलेले असतील तर दुरुस्ती करायला मूळ सामानच आत नसतं. अशा मशीनवर पुढच्या पायऱ्यांत वेळ घालवू नका, अस्सल विंडोज नव्याने टाका.

सगळी एकदम सोडू नका

बावीस मशीनांनी एकाच राउटरमधून प्रत्येकी काही जीबी ओढायला घेतले की कुणाचंच पूर्ण होत नाही. शून्य टक्क्यावर अडकलेल्यांपैकी बरीच नुसती रांगेत असतात. ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये ‘डिव्हाइसेस ऑन माय लोकल नेटवर्क’ निवडा. मग एका मशीनने उतरवलेलं अपडेट शेजारची मशीनं त्याच्याकडूनच घेतात, आपापसांत ते ७६८० या पोर्टवरून बोलतात. एखाद्या अँटिव्हायरसच्या फायरवॉलने ते अडवलं तर वाटणी थांबते. चार जीबीपेक्षा कमी रॅमची मशीनं सहसा या वाटणीत भाग घेत नाहीत.

माझा क्रम असा असतो. बुधवारी एक मशीन, सगळ्यात बिनमहत्त्वाचं. ते दोन दिवस नीट चाललं तर शनिवारी दुपारी आणखी पाच, ती झाल्यावर उरलेली. एका वर्षी मी आळसाने सगळी एकदम सोडली, सराव परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी. रात्री दीडला सरांचा फोन, पहाटे पाचपर्यंत मी आणि लॅबचा मुलगा निळ्या पडद्यावर फिरणारे ठिपके मोजत होतो. तेव्हापासून परीक्षेच्या आठवड्यात अपडेटला हात लावत नाही.

दुरुस्ती

इथवर सगळं ठीक असूनही एखादं मशीन अडलं तर मग कमांडकडे. सेटिंग्जमधला विंडोज अपडेटचा ट्रबलशूटर आधी चालवून घ्या, कधी कधी तेवढ्याने भागतं.

नाही भागलं तर ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘विंडोज अपडेट’ आणि ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्स्फर’ या दोन सेवा थांबवा. विंडोज फोल्डरातल्या ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन’ या फोल्डरचं नाव बदला, पुढे ‘ओल्ड’ लावलं तरी चालेल. सेवा चालू करा. या फोल्डरात उतरवलेला अर्धामुर्धा माल असतो, त्यातला एक तुकडा किडका निघाला की प्रत्येक प्रयत्न तिथेच ठेचकाळतो. नाव बदललं की विंडोज नवं फोल्डर करून ताजा माल आणतं. हिस्टरीची यादी रिकामी दिसेल, घाबरू नका, बसलेली अपडेट कुठे जात नाहीत.

८००७३७१२ किंवा ८००एफ०८१एफ असेल तर विंडोजचं स्वतःचं कोठार खराब झालंय. सीएमडी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. फोनवर मी हे असं सांगतो, ‘डी आय एस एम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप डॅश इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ, रिस्टोअर आणि हेल्थ जोडून’. साठ-बासष्ट टक्क्यांवर ते मेल्यासारखं थांबतं. मेलेलं नसतं, खिडकी बंद करू नका. ते संपल्यावर ‘एस एफ सी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ’. क्रम हाच. एसएफसी आपले सुटे भाग ज्या कोठारातून घेतं ते डिझम, म्हणजे वरची पहिली कमांड, दुरुस्त करतं. कोठारच किडलेलं असताना एसएफसी चालवून काय उपयोग.

मग हाताने बसवणं. मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगवरून चांगल्या मशीनवर असलेल्या अपडेटचा केबी क्रमांक, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, शोधा, फाइल उतरवा, पेनड्राइव्हने बसवा. नेट मंद असलेल्या गावात मी थेट हेच करतो, एकदा उतरवलं की सगळ्यांना पुरतं. २४एच२ पासून एक पाचर आहे. कधी कधी कॅटलॉग दोन फाइली देतो, कारण नव्या अपडेटच्या आधी एक ‘चेकपॉइंट’ अपडेट लागतं. दोन्ही एकाच फोल्डरात ठेवा, नाही तर ‘लागू होत नाही’ असं उत्तर येतं आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

शेवटचा उपाय म्हणजे विंडोजवरच विंडोज टाकणं, फाइली आणि प्रोग्राम जागेवर ठेवून. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत सिस्टम, रिकव्हरीमध्ये ‘फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट’ आहे, त्याने हेच होतं. नेट नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरची आयएसओ, म्हणजे विंडोज टाकायची पूर्ण फाइल, दुसरीकडून उतरवून आणा. दीड-दोन तास जातात, बॅकअप आधी.

दहाची मशीनं

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅबमध्ये अर्धी मशीनं दहाची आणि अर्धी अकराची असतील तर ती सारखी होणारच नाहीत, तिथे समस्या निवारण असं काही नाही. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा अपडेट आहेत, पण त्यासाठी मशीन २२एच२ वर हवं आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने नाव नोंदवावं लागतं. नोंदवलेल्याला अपडेट येतं, शेजारच्या न नोंदवलेल्याला येत नाही. असा फरक दिसला तर आधी हेच विचारा. अकराला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. तिसऱ्या-चौथ्या पिढीवर युक्त्या करून अकरा चढवलेली मशीनं मी पाहतो, चालतातही, पण वर्षाच्या आवृत्तीला अडतात. लॅबसाठी मी ते करत नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

डिस्क घरघर किंवा टकटक करत असेल, किंवा डिझम दर वेळी वेगळ्या टक्क्याला पडत असेल, तर ती डिस्क मरायला टेकलीय. मशीन बंद करा. दुरुस्तीचा प्रत्येक प्रयत्न तिच्यावरचा डेटा कमी करतो.

रिस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (विंडोज डिस्कला लावतं त्या कुलपाची) अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागितली आणि ती तुमच्याकडे नसेल तर अंदाजाने काही टाकू नका, फॉरमॅट तर मुळीच नको. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने मशीन पहिल्यांदा चालू केलं त्यात ती बहुधा असते. नवी लॅपटॉपं पहिल्याच दिवशी आपणहून कुलूपबंद होतात, हे मालकाला ठाऊक नसतं.

विंडोज १० वर ८००७०६४३ आणि जानेवारी २०२४ चं केबी ५०३४४४१ अडत असेल तर रिकव्हरीच्या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा नाही. पार्टिशन कमी-जास्त करावी लागतात. हात बसलेला नसेल तर सोडून द्या, सी ड्राइव्हच हातचा जाईल.

आडतीत किंवा दुकानात हिशेबाचा डेटा असलेलं मशीन, आणि त्याचा बॅकअप दुसरीकडे नाही, तर तारीख आणि रिस्टार्ट एवढंच बघा. पुढचं काहीही करू नका. दवाखान्यात एखाद्या यंत्राला जोडलेला कॉम्प्युटर, किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेने सील केलेलं मशीन असेल तर तेवढंही नको. त्यांच्या माणसालाच बोलवा.

आणि ज्याला बोलवाल त्याला फोनवर ‘सगळीच मशीनं अपडेट होईनात’ असं सांगू नका. वहीचं पान उघडा, त्याचा फोटो काढून आधी पाठवा. माझ्याकडे असा फोटो आला की निम्म्या वेळा मी पेट्रोल न जाळता फोनवरच सांगतो की बारा नंबरची बॅटरी बदला.